बिनमिठाची मोरस

लोक काश्मीरला जाऊन येतात आणि लिहितात. मी पनवेलला जाऊन आलो. आमच्या शाळेतले ड्रॉइंगमास्तर म्हणाले, "अहो, पनवेलात बघण्यासारखं काय आहे? डास?" डास आहेत, खोटं कशाला बोलू? पण मी तिथे एक भाजी खाल्ली आणि त्या भाजीपायी एका घराचं वर्ष बुडवायला निघालो होतो. ती हकीकत सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मी कऱ्हाडकडचा. हायस्कुलात शास्त्र शिकवतो. जिथे जाईन तिथलं झाडपान उपटायचं, रद्दीच्या कागदात दाबून वाळवायचं आणि वहीत चिकटवायचं हा माझा नाद. बायको त्याला पाचोळ्याचा संसार म्हणते. मेच्या सुट्टीत थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, पनवेलला जायचं ठरलं तेव्हा वही अर्थातच पिशवीत होती.

पनवेल

पनवेलला रेल्वे अजून आलेली नाही. बोरघाट उतरून एस.टी.तून खाली आलो तेव्हा सदऱ्यातून पाणी पिळावं असा घाम आलेला. आमच्याकडचं ऊन चटके देतं, पण सावलीत गेलं की सोडतं तरी. इथलं ऊन घरात पाठोपाठ येतं आणि पाटावर शेजारी बसतं.

अक्काने जेवायला वाढलं. तांबडा, जाडाभरडा भात. शेजारी गर्द हिरवी पालेभाजी, सुकट घालून केलेली. मी एक घास घेतला आणि म्हणालो, "अक्का, भाजी झकास झालीय, पण मीठ जरा जड पडलं हो."

अक्का हसली. "एक चिमूटभर घातलं असेल तर शपथ. ही मोरस. दोनदा उकळून, पिळून पाणी टाकलं, तरी एवढी खारट लागते. मीठ घेऊनच उगवते."

झालं! माझा घास तिथेच थांबला. मीठ घेऊन उगवणारी भाजी! जोंधळ्याच्या मुलखात जन्म गेलेल्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? जमीन खारावली की ती टाकायची, एवढंच आम्हाला माहीत. अक्काने सांगितलं की बेलपाड्याची पार्वती नावाची आगरी बाई ही भाजी दारावर विकायला आणते आणि हा तांबडा भात, म्हणजे राता, तिचा नवरा जोमा सुगीत आणून देतो. "उद्या बाजाराला यायचाय तो. जायचं असेल तर जा त्याच्याबरोबर. पण चिखलात पडलास तर माझं नाव सांगू नकोस."

बेलपाड्याच्या वाटेवर

जोमा पन्नाशीच्या आतबाहेरचा, काळा, काटक माणूस. त्याच्याबरोबर वाट चालू लागलो तेव्हा मला पहिल्यांदा दिसले ते त्याचे पाय. टाचा उभ्या चिरलेल्या, घोट्यापर्यंत पांढुरक्या खपल्या. हिवाळ्यापासून तो मिठागरावर होता आणि परवाच घरी आला होता. चार महिने खाऱ्या पाण्यात उभं राहायचं, फळी ओढून मीठ गोळा करायचं. मी न राहवून विचारलं, "जोमादा, घरी शेत असताना हे कशाला?"

"शेत हाय त," तो म्हणाला. "पन आट वर्सांमागं बांद फुटला नि दर्या आत आला. तवापासून राताच होतो. राता खारं सोसतो, पन पिकतो थोरा. शिमग्यापर्यंत पुरतो, पुढं नाय. म्हनून मिठागर."

"आणि दुसरा भात?"

"पांढऱ्याला गोडी जमीन लागते. गोडी असली त दुप्पट पिकंल. खारी असली त आवनाची रोपं जलून जातील, एक दाना नाय गावायचा."

म्हणजे प्रश्न एवढाच होता: आठ वर्षांच्या पावसाने शेतातलं मीठ धुऊन नेलं की नाही? गेलं असेल तर पांढरा पेरावा आणि मिठागर सुटावं. नसेल आणि पांढरा पेरला, तर वर्षभर खायचं काय?

खाडी दिसू लागली तसा जोमा बोट करून एकेक झाड सांगू लागला आणि मी वहीत लिहू लागलो. चिखलात गुडघाभर उभं असलेलं तिवर. "तिवर हाय तवर भरती हाय. तितं जमीन आपली नाय, दर्याची." बांधाच्या कडेने मांसल, बोटभर पानांची तांबूस-हिरवी मोरस. "दर्या गेला, पन मीठ ठेवून गेला, त मोरस." त्याच्याही आत, गावाच्या बाजूला, हरळी. "हरली आली का समजायचं, जमीन गोडी व्हायला लागली. लव्हाला आला त गोडं पानी साचतंय." मी हरखून गेलो. आमच्या प्रयोगशाळेत याला चार बाटल्या आणि एक दिवा लागतो आणि तरी पोरं उत्तर चुकवतात. इथे खाडीपासून गावापर्यंत सगळी जमीन स्वतःच आपलं नाव सांगत उभी होती.

"मग तुमच्या शेताचं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"आमच्यात बोलतान, मोरस हाय तवर राता, मोरस गेली का पांढरा. शेताचा खालचा कोपरा हाय ना, तितंच शेवटाला ऱ्हायलीवती. उद्या बगू. तुमी शिकलेलं मानूस, तुमीच सांगा."

या शेवटच्या वाक्याने माझी छाती दोन बोटं फुगली, हे कबूल करतो.

बेलपाडा

घर कुडाचं, शेणाने सारवलेलं, पुढे ऐसपैस ओटी. मला ओटीवरच्या बाजेवर बसवलं आणि त्या क्षणापासून माझा जावई झाला. पाणी ओटीवर, चहा ओटीवर, जेवण ओटीवर. आमच्याकडे पाहुणा दुसऱ्या दिवशी गोठ्यात जाऊन शेण ओढू लागतो, इथे मी उठलो की जोमाची म्हातारी आई ओरडायची, "बसा बसा, कला उटता?" म्हातारीला दिसत कमी होतं, पण माझा पाय जमिनीला लागला की तिला बरोबर ऐकू यायचं. पार्वतीवहिनी आतून वाढून पाठवायच्या आणि दाराआडून विचारायच्या, "भाकरी वाढू का?" तांदळाची भाकरी! पांढरीशुभ्र, मऊसूत. आमच्या भाकरीला दात लागतात, ही ओठांनीच तुटते. पहिल्या रात्री चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण झालं. चिंबोरीची नांगी कशी फोडायची ते मला ठाऊक नव्हतं. मी ती दाताखाली धरली आणि ती उडून म्हातारीच्या मांडीवर पडली. म्हातारी खुदूखुदू हसली. "जित्ती व्हती काय?"

आणि रोज, दोन्ही वेळा, मोरस. माझी आवड अक्काने कळवली होती ना! मी चाटूनपुसून खात होतो आणि दर वेळी दाराकडे तोंड करून म्हणत होतो, "वहिनी, भाजी फर्मास!" ती कुठून येते हे मात्र एकदाही विचारलं नाही. बांधाबाहेर पाहिलीच होती की ढीगभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोमा आणि मी शेतावर गेलो. वरच्या अंगाला हरळीचे ठिपके होते. खालच्या कोपऱ्यात उतरलो. भुईला भेगा पडलेल्या, अधूनमधून तांबूस धसकटं. मोरस? एकही नाही! मी वाकून वाकून पाहिलं, चारी बाजूंनी फिरलो. आदल्या आठवड्यात वळवाची एक सर पडून गेली होती, त्यामुळे वर मिठाचा पांढरा पापुद्राही नव्हता. जोमा उकिडवा बसला, चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली आणि घोळवत राहिला.

"लागत त नाय फार," तो म्हणाला. "तुमी बगा जरा चाखून."

मी? माती खाऊ? "छे छे," मी म्हणालो, "त्याची गरज नाही. वनस्पती कधी खोटं बोलत नाही, जोमादा. मोरस नाही, हरळी आत सरकलीय. जमीन गोडी झाली! खुशाल पांढरा पेरा."

जोमाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर असं काही हसू आलं की मलाच लाजल्यासारखं झालं. मग त्याने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. "म्हंजे औंदा मिठागर नाय," तो हळूच म्हणाला. घरात मात्र त्याने लगेच सांगितलं नाही. आधी बी हातात येऊ दे, मग बायकोला सांगतो, म्हणाला. मला ते फार गोड वाटलं.

तिसरा दिवस

सकाळी उठलो तर जोमा घरात नव्हता. म्हातारी म्हणाली, रात्याचे मुडे घेऊन होडीकडे गेला. पेंढ्यात गोल बांधून ठेवलेलं बियाणं म्हणजे मुडा. ते घरात आढ्याला टांगलेलं असतं. मी वर पाहिलं, आढं रिकामं होतं. पलीकडच्या गावात एकाचा बांध यंदा फुटला होता. त्याला राता हवा होता आणि त्याच्याकडे पांढऱ्याचं बी होतं. मुड्याला मुडा, अशी अदलाबदल. आणि मृगाच्या तोंडावर एकदा दिलेलं बी कोणी परत देत नाही, मागणंही वाईट दिसतं.

मला दुपारी निघायचं होतं. वहीत तिवर झालं होतं, हरळी झाली होती, राहिली होती मोरस. म्हटलं, एक मुळासकट रोप मागून घ्यावं. पहिल्यांदाच ओटी सोडून मागच्या दारी गेलो. पार्वतीवहिनी सुपात भाजी निवडत बसल्या होत्या. मला पाहून पदर सावरत उठल्या.

"वहिनी, एक मोरस मुळासकट द्याल का? वहीत लावायची आहे."

"मुलासकट? आता कुटली?" त्या हसल्या. "ही शेवटचीच. आट दिस खुडतंय, पनवेलला पन नेली, तुमाला पन घातली. खालच्या कोपऱ्यात आता नुसती बुरखंडं ऱ्हायली."

"खालच्या कोपऱ्यात? कुणाच्या?"

"आमच्याच शेताच्या. घराला जवल परतं ना."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. ती तांबूस धसकटं! भाताची म्हणून मी ती तुडवत हिंडलो होतो आणि ते मोरसचे खुडलेले बुंधे होते. वनस्पती खोटं बोलत नाही म्हणे! वनस्पती बिचारी खरंच बोलत होती. मीच ती तीन दिवस भाकरीशी लावून खात होतो.

मी कसंबसं सगळं सांगितलं. वहिनी ऐकत होत्या. मिठागर सुटणार हे त्यांना माझ्याच तोंडून आधी कळलं आणि ते सुटणार नाही हेही त्याच दमात कळलं. सूप त्यांच्या हातात तसंच राहिलं. एक पळभर त्यांचे डोळे भरून आले आणि मग त्या अशा काही कडाडल्या की मी दोन पावलं मागे सरलो.

"येवरं शिकलात, नि येक शबूद मना ईचारायला काय झालतं? दारात त बसलीवती मी! भाजी फर्मास, भाजी फर्मास! कुटली ती नाय ईचारली!"

मी खाडीकडे बोट केलं.

"भरती कवा?" त्यांनी आत ओरडून विचारलं. म्हातारी म्हणाली, "लागलीच हाय." भरतीच्या पाण्यावरच होडी सुटणार होती. वहिनींनी पदर खोचला, सूप टाकलं आणि निघाल्या. मी मागोमाग.

बांधावरून वळसा घालून गेलो असतो तर होडी गेलीच असती. वहिनी सरळ खाजणात उतरल्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत. मीही उतरलो आणि चौथ्या पावलाला मांडीपर्यंत खाली गेलो. वहाण गेली ती गेलीच. जोर करावा तो आणखी खाली. आयुष्यात मी इतका घाबरलो नव्हतो.

"मोकल्या चिखलात पाय नका देऊ!" वहिनी मागे फिरून ओरडल्या. "झारं बगा, झारं! मोरस हाय तितं भुई घट. तिवराची मुलं हायत त्यांवर पाय द्या. जितं काय उगवलं नाय, तितं मानूस जातो!"

त्यांनी तिवराची एक फांदी वाकवून माझ्या हातात दिली आणि मला ओढून काढलं. पुढची सगळी वाट मी खाली मान घालून, रोप पाहून पाऊल टाकत गेलो. वहीत तीन पानं लिहिलेली तीच झाडं. ती खरी वाचली, म्हणाल तर, त्या पाव कोसात.

होडी पाण्यावर हलायला लागली होती. जोमा मुडे रचून वल्ह्याला हात घालणार तोच वहिनींनी हाक मारली. सगळं मलाच सांगावं लागलं, मांडीपर्यंत चिखल, एक पाय अनवाणी. "जोमादा, मी चुकलो. जमीन अजून खारी आहे. मोरस गेली नव्हती, खुडली होती."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. खाडीचं पाणी होडीला लागून चुबुक चुबुक वाजत होतं. मला वाटलं, हा माणूस आता मला चार शिव्या घालेल तर बरं होईल. पण त्याने वाकून एक मुडा उचलला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "धरा मास्तर. भिजवू नका." मग दुसरा स्वतःच्या डोक्यावर घेतला, तिसरा वहिनींनी. तसे आम्ही तिघं बांधावरून घरी आलो.

घरी म्हातारी ओटीवर बसली होती. तिला सगळं कळलं तेव्हा ती म्हणाली, "मना म्हाईतच व्हतं."

"आये, म्हाईत व्हतं त बोल्लीस कला नाय?" जोमा पहिल्यांदा चिडला.

"तीन दिस आपल्या कोपऱ्यातली भाजी खातंय, बिनमिठाची खारी लागतंय. मना वाटलं मास्तरांना पन लागत आसंल. पाव्हना मानूस, शिकल्याला, त्याला कोन सांगंल? आनी तू रं? चार म्हयनं मिठागरात ऱ्हाऊन आला, तुज्या जिबंला खारं कलतं काय?"

जोमा खाली बसला आणि एकदम हसायला लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले. मला मात्र हसू आलं नाही. त्या घरात मीठ ओळखणारी एक जीभ होती, मोरस कुठली ते जाणणारे दोन हात होते. आणि मी ओटीवर पाहुणचार झोडत बसलो म्हणून दोघी गप्प राहिल्या होत्या. आमच्या वर्गातही मी असाच बसतो की काय, असं मनात येऊन गेलं.

निघताना वहिनींनी बांधाबाहेरून उपटून आणलेलं एक मोरसचं रोप दिलं, मुळासकट, माती झाडून. "घाला वहीत," त्या म्हणाल्या. राग गेला होता का, कळलं नाही. पण जोमाची जुनी वहाण त्यांनी माझ्यापुढे ठेवली होती.

कऱ्हाड

घरी येऊन रोप वहीत चिकटवलं. बाकी सगळी पानं कोरडी ठणठणीत. मोरसचं पान मात्र दर पावसाळ्यात ओलं होतं. मीठ ओल धरतं. बायको म्हणते, काढून टाका, वही कुजेल. मी काढलं नाही. पान ओलं झालं की समजायचं, बेलपाड्यात राता पेरत असतील आणि संक्रांत उलटली की जोमादा मिठागराची वाट धरेल. माझा एक शब्द खरा ठरला असता तर गेला नसता, असं दर वर्षी वाटायचं आणि जेवण गोड लागायचं नाही.

तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्यातच, पोस्टकार्ड आलं. गावातल्या कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, जोमादाच्या नावाने:

"मास्तरांस नमस्कार. पत्रास कारण की, दोन सालं खालच्या कोपऱ्याला कोणी हात लावला नाही. खुडणं नाही, उपटणं नाही. गेल्या सालीच मोरस उगवली नव्हती, तरी आम्ही राता पेरला. यंदाही उगवली नाही. तीन ठिकाणची माती आईने चाखली आहे. यंदा पांढरा पेरतो. पुढच्या हंगामाला मिठागरावर नाव घातलं नाही. मंडळी विचारतात, मास्तर कधी येणार? शेतातली मोरस संपली, आता वालाच्या शेंगा लावणार आहे. तुम्ही या. या खेपेला भाजीत मीठ घालीन म्हणतात."